आकडा

चाळीस एमबी. एवढ्यात बसली पाहिजे अख्खी नदी,
दुकानाचा नियमच तसा होता:
डबा नाही, चकती नाही,
पैसे भरा, उतरवून घ्या, खेळा.

ओउलूमध्ये नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो.
यिर्की आणि मी,
मोबाइलच्या कंपनीनं एकाच शुक्रवारी घरी पाठवलेले,
त्याच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत
ओल्या टॉवेलांच्या वासात
पाणी लिहीत बसायचो.

खेळ असा: वरून ओंडके येतात.
पाइन एका गिरणीला, स्प्रूस दुसरीला.
हातात कांडी. कळ दाबायची नाही,
मनगट वळवलं की पडद्यावर
लांब दांड्याचा आकडा वळतो.
ओंडके तुंबले तर घाई कामाची नाही,
शंभरांत एकच असतो कळीचा,
तो सुटला की बाकीचे आपोआप शहाणे होतात.
तो हुडकणं, हाच डाव.

बाबांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते हसले.
केमी नदीवर एकतीस उन्हाळे ओंडके हाकलेला माणूस.
"पाणी एवढं आज्ञाधारक कुठं असतं?
आणि हे बर्च. बर्च तरंगत नाही, पोरी.
पितं, पितं, आणि तळाशी जातं.
आमच्या टोळीतल्या निम्म्यांसारखं."
आम्ही बर्च जड केलं.
सतरावी पातळी त्या एका वाक्यानं अवघड झाली.

मग कांडी मी त्यांच्या मनगटाला बांधली.
पडद्यावर आकडा फडफडला,
दिव्याच्या काचेवर पाखरू आपटावं तसा.
ओंडके विखुरले.
दोन वर्षं झाली होती उजव्या हाताला.
कॉफी अर्ध्या कपापर्यंतच ओतायची
हे घरात कुणी बोलून ठरवलं नव्हतं.

त्या रात्री मी दुसराच आकडा उघडला,
कांडीची किती हालचाल
ही हालचालच नव्हे, ते सांगणारा.
शून्य पॉइंट शून्य चार होता.
रोज थोडा वाढवत नेला.
बाबा कोचावर, मी खाली फरशीवर लॅपटॉप घेऊन.
"आता?"
"नाही."
"आता?"
"जरा कळ काढ."
शून्य पॉइंट एक चारला
त्यांचा हात कापत होता
आणि नदी थांबली होती.

त्यांनी आकडा टाकला,
डावीकडून तिसरा ओंडका, मला तो कधीच दिसला नसता,
आणि हलकेच बाजूला केला.
तुंबलेलं सगळं सुटलं.
बाबांनी नाक शिंकरलं. बोलले काही नाहीत.

खेळ दुकानात लागला. पाचांपैकी तीन तारे.
"कल्पना चांगली, पण कांडी सुस्त. ऐकतच नाही."
यिर्की म्हणाला, एकच आकडा, हेल्का,
दोन मिनिटांचं काम.
त्याचं बरोबर होतं. त्याला घराचा हप्ता होता.
मी केलं ते दोन मिनिटांचं काम.

रविवारी बाबांनी यंत्र लावलं,
नवी आवृत्ती रातोरात उतरलेली.
तीनदा प्रयत्न केला त्यांनी.
मग कांडी साखरेच्या खणात ठेवत म्हणाले,
"नदी बदलते. तिचं चालूच असतं."

सोमवारी मी आकडा परत केला.
यिर्कीला न विचारता.
एकूण खप दोन हजार एकशे सहा.
खोली पुन्हा टॉवेलांची झाली,
आणि यिर्की चार वर्षं माझ्याशी
फक्त हवामानाबद्दल बोलला.

आज ते दुकान बंद होतंय.
मध्यरात्रीनंतर ही नदी कुणालाच उतरवून घेता येणार नाही,
आहे त्यांच्याकडे राहील, यंत्र चालेल तोवर.

कांडीत नव्या बॅटऱ्या घातल्या.
पट्ट्याला अजून बाबांची गाठ आहे,
बारीक होत गेलेल्या मनगटासाठी मारलेली,
टोळीतली, ओढली की घट्ट होणारी.
सतरावी पातळी. बर्च तळाशी बसतंय.
माझा हात स्थिर आहे, नको तितका.

मुद्दामच कापवून पाहते,
कप धरताना त्यांचा कापायचा, अगदी तेवढाच.

नदी हलत नाही.